अवघड मनगट

प्रिय मावशी,

हे पत्र हातात पडलं की आधी मनगटावरचं घड्याळ काढून ठेव, मग पुढे वाच. मीच भेट दिलेलं घड्याळ मीच काढायला सांगतेय म्हणून हसू नकोस. दिलं तेव्हा ते खरंच चांगलं होतं. आता ते तुझी नाडी मोजत नाही, मोजल्याचं सोंग करतं, आणि हे सोंग त्याला आमच्याच ऑफिसात शिकवलंय.

गणिताच्या पायऱ्या दाखवल्याशिवाय उत्तराला गुण न देणारी तू, तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगते. घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा आहे ना, तो सतत जळत नाही. इतक्या भराभर लुकलुकतो की आपल्याला सलग वाटतो. दर वेळी थोडा उजेड कातडीतून आत जातो, रक्त त्यातला काही पिऊन टाकतं, उरलेला परत येतो आणि शेजारचा एक बारीक डोळा तो मोजतो. ठोका पडला की परतणारा उजेड किंचित कमी होतो, तीच नाडी. अडचण एवढीच की बॅटरी सगळ्यात जास्त खातो तो हा दिवाच. त्याचं खाणं कमी करणं हे माझं काम. मी लुकलुक आखूड केली, डोळा उघडेल नेमका तेव्हाच दिवा लागेल असं जुळवलं, हात स्वस्थ असला की लुकलुक विरळ केली. तुझ्याकडे शिकायला राहिले तेव्हा रिकाम्या खोलीत दिवा दिसला की तू कुणाचीही गय करायची नाहीस, पण कुणी अभ्यासाला बसलं की घरातला सगळ्यात मोठा दिवा त्याच्या डोक्यावर. काटकसर मी तिथे शिकले.

म्हणून वाचवलेली वीज मी राखून ठेवली होती. सावळी कातडी उजेड जास्त शोषते, परत फार थोडा येतो. तिथे दिवा जरा मोठा करावा लागतो. असं मनगट भेटलं की घड्याळाने आपणहून उजेड वाढवावा, अशी सोय मी केली होती. ती तपासायला आमच्या खोलीत मनगट एकच होतं, माझं. बाकीचे सगळे उजळ. तपासणीच्या तक्त्यात माझ्या नावासमोर लिहायचे, ‘अवघड मनगट’. मीही हसायचे. माझ्या लहानपणी पाहुण्यांकडून आपल्या सावळ्या रंगावरून याहून वाईट ऐकलं होतं आपण दोघींनी.

मग साहेबांना बॅटरी आठवडाभर चालायला हवी होती. आमचे साहेब गोड बोलतात, इतकं गोड की ऐकून हात धुवावेसे वाटतात. त्यांनी माझी सोय काढून टाकायला सांगितली. मी म्हटलं, मग सावळ्या हातावर नाडी सापडणार नाही. ते म्हणाले, नाही सापडली तर शेवटचा सापडलेला आकडा तसाच दाखवत राहायचा. मी म्हटलं, ही फसवणूक आहे. त्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, “अगं, लोकांना नाडी नको असते, आकडा हवा असतो.” ज्यांच्याबरोबर मी रोज डबा खाल्ला त्यांनी आपापल्या पडद्यांत तोंडं खुपसली. पुढच्या तपासणीला मला बोलावलंच नाही. विचारलं तर सांगितलं, तुझ्या मनगटामुळे सरासरी बिघडते.

मावशी, हे वाक्य ऐकताना मला तूच आठवलीस. कच्च्या मुलांना परीक्षेला बसू न देता शाळेचा निकाल शंभर टक्के लावणारे ते तुझे मुख्याध्यापक, आणि त्यांच्या टेबलासमोर उभी राहून त्यांना गणित शिकवणारी तू. मी तुझ्याएवढी धीट नाही. कंपनीतल्या चार वरिष्ठांना लेखी कळवलं, उत्तर एकाचंही आलं नाही. उलट बॅटरी आठवडाभर टिकली म्हणून केक आला, त्यावर हिरव्या क्रीमने काढलेली भरलेली बॅटरी. सगळे बोटं चाटत होते, साहेबांच्या मिशीला हिरवं लागलं होतं, आणि ते मला पहिला तुकडा भरवायला आले, कारण वीज वाचवण्याची अक्कल शेवटी माझीच. शिसारी आली मला. त्या तुकड्याची, त्या मिशीची, आणि टाळ्या वाजवणाऱ्या त्या स्वच्छ हातांची. नवा बदल मग वापरात असलेल्या सगळ्या घड्याळांवर परस्पर जाऊन बसला. कुणाला विचारलं नाही, कुणाला कळलं नाही. तुझ्याही मनगटावर तो बसला.

राजीनामा लिहून ठेवलाय, तक्रारही वरपर्यंत नेणार आहे. पण ती कामं उद्याची. आजचं काम तू आहेस. काल फोनवर तू किती सहज सांगितलंस, लिफ्ट बंद होती, भाजी घेऊन जिना चढले, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, मधल्या मजल्यावर भिंतीला टेकून बसले. आणि वर कौतुकाने म्हणालीस, “पण चढताना बहात्तर, बसल्यावरही बहात्तर. म्हणजे काही झालेलं नाही.” मी डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणालीस, घड्याळ काय खोटं बोलतंय का, आणि विषय बदलून फोन ठेवलास. धापा टाकणाऱ्या माणसाची नाडी बहात्तरवर बसून राहत नाही, मावशी. तो आकडा सकाळी कधीतरी तू स्वस्थ बसलेली असताना सापडलेला होता. त्या भिंतीला टेकून बसलीस तेव्हा तुझ्या छातीत काय चाललं होतं, हे जगात कुणालाही माहीत नाही. फोनवर मी रडायला लागले की तू समजूत घालतेस आणि मुद्दा बाजूला राहतो. लिहिलेलं मात्र तू शेवटपर्यंत वाचतेस, चुका काढण्यासाठी का होईना. म्हणून हे पत्र देऊन दादाला आजच्या आज तुझ्याकडे पाठवलं. डॉक्टरांची वेळ त्याने घेतली आहे. तू हे वाचून होईपर्यंत तुझा मुलगा दारात उभा राहील, पाणीसुद्धा मागणार नाही. पत्रातल्या चुका परत आल्यावर काढ. आता चपला घाल आणि जिना उतरताना त्याचा हात धर.

तुझीच,
किरकिरी