दारातून परतलेली अंबाडीची भाजी

निकेश,

उद्घाटनाला आई आणि मी येणार नाही. तिची खानावळ मोडून तिथे तू मेक्सिकन हॉटेलाची फ्रँचायझी काढलीस, यावर मी वाद घातला नव्हता. आज सकाळी नव्या शेगडीला घरचा नैवेद्य दाखवायला ती माझ्यासोबत तिथे अंबाडीची भाजी घेऊन आली. तू दारातच म्हणालास, "माय, कंपनीचा नियम हाय, बाहेरचं आत नाई चालत."

"बरं बापा," एवढेच ती म्हणाली. तुझ्या मागच्या भिंतीवर कंपनीच्या मेक्सिकन संस्थापक कुटुंबातील आईचे छायाचित्र होते आणि त्याखाली लिहिले होते, 'आईच्या हातची चव'.

तिला मी माझ्याकडे गोंडपिपरीला नेते आहे. भाजीचा डबा इथे घरी, ओट्यावर तुझ्यासाठी झाकून ठेवला आहे. या घरात अद्याप तसा नियम नाही.

पुनमताई