गुणाबाईवरील माझा लेख

१२ ऑगस्ट १९९४

लेख परत आला! भूकंपास वर्ष होत आहे, म्हणून लातूरचे एक मासिक विशेष अंक काढणार आहे. पत्नी गुणाबाई हिच्या मृत्यूवर मी चार पाने लिहून दिली होती. संपादक बालाजीराव यांनी माझी वाक्ये खोडून वर लाल शाईने लिहिले आहे — "लई हादरलं. समदं गाव गाडलं."

मी असे लिहिलेले नाही. लिहिणारही नाही.

१४ ऑगस्ट

एस.टी.ने लातूरला गेलो. बालाजीराव तेथे शिकवणीवर्गात मराठी शिकवतात. म्हणाले, "काका, हे आकाशवाणीच्या बातम्यांसारखं वाटतंय. आता ग्रामीण साहित्याचे दिवस आहेत. मातीचा वास पाहिजे!"

मातीचा वास मला शिकवतात! ती माती मी नखांनी उपसली आहे.

स्पष्ट सांगितले — निजामाच्या राज्यात चौथीपर्यंत उर्दूत शिकलो. मराठी पुढे वर्तमानपत्रे वाचून आणि रेडिओ ऐकून कमावली. आपल्या वर्गात मुलगा 'न्हाई' म्हणाला, तर त्यास आपण उभे करता. माझ्याकडून मात्र तेच 'न्हाई' मागता?

"परीक्षेचं वेगळं असतं, काका."

एवढे म्हणून ते तासाला निघून गेले.

२ सप्टेंबर

बालाजीरावांचे पत्र — 'निदान काकूंचे बोलणे तरी बोलीत ठेवा.' उलट टपाली कळविले — एक काना जरी बदलणार असाल, तर लेख परत करावा.

३० सप्टेंबर

अंक आला. लेख जसाच्या तसा!

पत्र्याच्या शेडपुढे माणसे जमली. सून महानंदा हिने मोठ्याने वाचला. शेजारचे मलप्पा म्हणाले, "आप्पा, तुमी तर कलेक्टरलाबी मागं टाकलंत की!" मी ताठ बसलो होतो.

शेवटी गुणाबाईचे वाक्य आले — "अहो, आपण सुखरूप बाहेर पडावे." महानंदा थांबली.

"मामा, ही बाई कोन? ह्या आमच्या आत्याबाई न्हाईत."

"प्रसंगास शोभेल असे लिहावे लागते."

"शोभंल असं त्या कवा बोलल्या वो?"

माणसे हसली. मी आत गेलो.

१ ऑक्टोबर

ती तसे म्हणाली नव्हती. लग्नातील उखाण्यानंतर एकेचाळीस वर्षे तिने माझे नाव घेतले नाही. त्या पहाटे तुळईखालून घेतले —

"शिवमूर्ती, पळ रं!"

आणि मी पळालो.