सवत, जावई आणि आईचा फोटो

५ फेब्रुवारी

आईचा उजव्या बाजूचा जबडा काढावा लागणार. कानाखालपासून हनुवटीपर्यंत. सर्जननी कागदावर चेहरा काढून त्यावर रेघ मारून दाखवली, शिंपी कापडावर खडू फिरवतो तशी. "गाठ वाढायच्या आत काढू. त्या बऱ्या होतील. पण चेहरा पूर्वीसारखा राहणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

आई म्हणाली, "हसताना तोंड कुठल्या बाजूला जाईल तेवढं सांगा. समोरच्याला त्या बाजूला बसवीन."

सर्जन हसले नाहीत. बाबाही नाहीत. मी हसले, आणि मग जिन्यात जाऊन रडले. ऑपरेशन महिनाअखेरीला.

६ फेब्रुवारी

खाली स्टुडिओ, वर घर. बाबांनी उभा जन्म लोकांचे चेहरे काढले, आता मी काढते. आणि आईचा हसरा फोटो घरात एकही नाही! सगळी कपाटं उपसली. लग्नातला एक आहे, त्यात ओठ असे मिटलेत की जणू कुणी टाके घातलेत. एरवी ती कायम कॅमेऱ्याच्या अलीकडे. गिऱ्हाइकाची कॉलर नीट कर, दिवा धर, रडणाऱ्या पोरासमोर खुळखुळा वाजव. तिच्यावर कॅमेरा रोखला की दगड होते. पासपोर्ट चेहरा!

ठरलं. ऑपरेशनच्या आधी आईचा हसरा फोटो निघणार. खरा हसरा. मी काढणार.

मोबाइल नको. स्टुडिओतला डिजिटलही नको. तिला लगेच पडद्यावर बघायचं असतं, आणि बघितलं की "पूस आधी". फिल्म पुसता येत नाही. फिल्मच.

८ फेब्रुवारी

कॅमेरे दोन. बाबांचा जुना, माझा नवा. दोन्ही रेंजफाइंडर. लेन्समधून बघायचंच नाही. वरच्या कोपऱ्यातल्या वेगळ्या खिडकीतून बघायचं. मधल्या पिवळट चौकोनात माणूस दोनदा दिसतो, रिंग फिरवत दोन्ही एकावर एक आणायचे, की फोकस झाला. मला या एका गोष्टीसाठी हे कॅमेरे आवडतात.

जुन्याला आई 'सवत' म्हणते. लग्न झालं तेव्हा तो घरात आधीपासून होता, आणि बाबा त्याला मऊ फडक्याने पुसत बसायचे. माझा गेल्या वर्षी आला. त्याचं नाव तिने 'जावई' ठेवलं. "बॅटरीशिवाय हलत नाही, जरा कुठे कमी-जास्त झालं की लाल डोळा दाखवतो, आणि सगळ्या घराने त्याला जपायचं." खरा जावई मिळेपर्यंत हाच, असंही वर ऐकवलं. ऐकून घेतलं.

तर दोघांची परीक्षा घ्यायची. एकच फिल्म, एकच उजेड. जो जिंकेल त्याने आईचा फोटो.

११ फेब्रुवारी

स्टुडिओच्या भिंतीला वर्तमानपत्र चिकटवलं, स्टुलावर बाबांना बसवलं. दोन्ही कॅमेऱ्यांनी एकेक रोल.

सवतीत फिल्म भरणं म्हणजे व्रत. खालची पट्टी काढा, फिल्मचं टोक कात्रीने लांबट कापा, मग दोन फटींतून अलगद सरकवा. बाबा शेजारी उभे. "लांब काप. अजून. हां. आता ढकलू नको, ती आपणहून जाते." जावयाचं मागचं दार उघडतं, टोक लावलं की काम झालं. बाबा म्हणाले, "यात काय कौतुक? डबा आहे."

उजेड मोजायचं यंत्र सवतीत नाही. बाबा खिडकीकडे बघतात, डोळे किलकिले करतात आणि आकडा सांगतात. जावई आत दिवे लावून सांगतो. दोघांचं बरोबर जुळलं, तेव्हा बाबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

आवाज मात्र सवतीचाच चांगला. आतला शटरचा पडदा कापडी. कुणी चुटकी वाजवता वाजवता थांबावं तेवढाच. जावयाचा पडदा धातूचा, खटका कानात बसतो. आई आवाजानेच दगड होते, त्यामुळे हा मुद्दा मोठा.

१२ फेब्रुवारी

रोल धुतले. भिंतीवरची अक्षरं दोघांचीही छान. पण जवळून काढलेल्या चेहऱ्यात सवतीने दगा दिला. बाबांचा कान कसा कोरल्यासारखा, आणि डोळे धूसर. जवळचा फोकस मागे सरकलाय.

"तू हललीस," बाबा.

"मी हलले असते तर कानही हलला असता."

"मग तुझी नजर."

जावयाचे डोळे चोख. पापणी न् पापणी मोजावी. मी स्पष्ट सांगितलं, आईचा फोटो जावयानेच काढणार. दुसरी संधी नाही मिळायची. कानाचा फोटो घेऊन मी काय करू?

बाबा जेवायला वर आले नाहीत. आईने ताट खाली नेऊन दिलं.

१३ फेब्रुवारी

अबोला.

१५ फेब्रुवारी

अबोला आईने मोडला. भाजी चिरता चिरता, कुणाकडेही न बघता. "तोंड माझं कापणार आहेत आणि गप्प तुम्ही दोघं बसलात."

संध्याकाळी बाबा आले. "दोघं एकदम काढू. मी समोर बसतो, तू मागून. मग बघू कुणाचा डोळा आणि कुणाचा कान."

हो म्हटलं. खरं तर धाकधूक आहे. दोन कॅमेरे बघून ती आणखीच आखडेल. पण बाबांना नको म्हणवेना. ती त्यांची बायकोही आहे, नुसती माझी आई नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात इतके दिवस आली नव्हती.

१९ फेब्रुवारी

पहिला प्रयत्न. वाया. आई इस्त्रीची साडी नेसून आली, केसाला तेल, हात गुडघ्यांवर. बाबा म्हणाले, "मान जरा डावीकडे." तिथेच बिनसलं. नंतरचे सगळे पासपोर्ट. मी विनोद सांगितले, तिने ते दुरुस्त करून परत सांगितले.

हार मानणार नाही.

२३ फेब्रुवारी

निघाला! मला वाटतं निघाला.

सकाळचा उजेड, खिडकीजवळचं स्टूल, दोन्ही कॅमेऱ्यांत नवे रोल. बाबा आईच्या पुढ्यात, सवत डोळ्याला. मी त्यांच्या पाठीमागे, उजव्या खांद्यावरून. सुरुवातीला तेच, दगड. मग एकाएकी काय झालं कोण जाणे, आईचे खांदे खाली आले. बाबांकडे बघत राहिली. ते अगदी गंभीरपणे रिंग फिरवताहेत, श्वास रोखताहेत, दाबताहेत. तिच्या ओठांचा एक कोपरा हलला, मग दुसरा. आणि ती हसली. पोट धरून नाही, आवाज करून नाही. सगळा चेहरा हसला. कामं आवरून दुपारी मावशीशी फोनवर बोलताना हसते तशी!

चौकोनात दोनदा दिसणारे तिचे डोळे एकावर एक आले आणि मी दाबलं. खटका केवढ्याने वाजला, पण तिला ऐकूही गेला नाही. पुन्हा दाबलं. बाबाही दाबतच होते.

"झालं का?" तिने विचारलं. "झालं," बाबा म्हणाले. "असा निघालाय की काय सांगू!"

रोल आत्ता धुणार नाही. घाई नको. ऑपरेशन होऊ दे.

२७ फेब्रुवारी

सकाळी आत नेलं, बाहेर आणली तेव्हा दिवे लागले होते. सर्जन म्हणाले, सगळं निघालं. नळीने श्वास, नळीने जेवण. चेहरा पट्ट्यांत. तिने माझं बोट दाबलं.

१० मार्च

दोन्ही रोल धुतले.

माझा उमटलाय. दोन्ही फ्रेममध्ये डोळे चोख, हसू जसंच्या तसं. तारेवर टांगून मी बघतच राहिले.

बाबांचा कोरा. पूर्ण कोरा, आरपार दिसणारा. कडेचे आकडे मात्र स्वच्छ उमटलेत, म्हणजे धुण्यात चूक नाही. आत उजेडच गेला नाही. बाबांनी पट्टी खिडकीला धरली, उलटी करून धरली. "पडदा गेला वाटतं तिचा," एवढंच म्हणाले. कॅमेरा कपाटात ठेवला. मला वाटलं होतं, जिंकल्यावर बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही.

ते वर गेल्यावर मी सवत काढून तपासली. लेन्स काढून आत बघत दाबलं. पडदा ठणठणीत! मग एकच कारण उरतं. लेन्सचं टोपण. बघायची खिडकी वेगळी, त्यामुळे टोपण तसंच असलं तरी बघणाऱ्याला कळत नाही. जावयाने आतले दिवे मिचकावून बोंब मारली असती. सवत अवाक्षर बोलत नाही.

बाबांना सांगितलं नाही.

२ एप्रिल

आई घरी. बोलणं थोडं फाटतं, पण कळतं. तोंडाला रुमाल धरून बसते, आमच्यासमोरसुद्धा.

टोपणाचं तिला सांगितलं. म्हणाली, "मला दिसत होतं की. मी समोर बसले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर पुन्हा मान डावीकडे, हनुवटी वर." थांबली. पाणी प्यायली. "म्हटलं, आज काही आपला फोटो निघत नाही. मग कशाला आखडायचं? बसले निवांत. आणि ते इतके मन लावून काढत होते गं... हसूच आलं. तू मागे आहेस हे विसरलेच."

म्हणजे एवढ्या परीक्षा घेतल्या, अबोले धरले, आणि फोटो निघाला तो कॅमेरा बंद आहे असं तिला वाटलं म्हणून! हसावं की कपाळ बडवावं कळेना. दोन्ही केलं.

"त्यांना नको सांगू," आई म्हणाली. मग म्हणाली, "नाहीतर सांग. पडदा गेला म्हणून झुरत बसतील."

बाबांना सांगितलं. ते उठले. मग कपाटातून सवत काढली आणि पुसायला घेतली.

९ एप्रिल

फोटो मोठा करून चौकटीत बसवला. बैठकीत, दारातून येणाऱ्याच्या नजरेसमोर लावायचा. बाबा खिळा ठोकायला चढलेसुद्धा.

आई म्हणाली, "तिथे नको."

का, ते सांगेना. मी चिडले. इतक्या दिवसांचा जीव ओतलाय त्यात! नको ते बोलले. ती रुमाल धरून आत गेली.

१० एप्रिल

सकाळी स्टुडिओ उघडत होते. आई जिना उतरून खाली आली, स्टुलावर बसली आणि रुमाल काढून मांडीवर ठेवला. इतक्या उजेडात मी तो चेहरा पहिल्यांदाच बघितला.

"तो तुझ्या खोलीत लाव," ती म्हणाली. "भिंतीवर लावलास तर येणारा जाणारा त्याच्याकडे बघून हळहळेल, आणि मी शेजारीच बसलेली असेन. मला या तोंडाने राहायचंय. याचा काढ."

"कुठल्या कॅमेऱ्याने?"

"कुठल्याही."

काढला. मी तिच्याकडे बघत होते आणि ती सरळ माझ्याकडे.