धुऱ्यावरचे बाबा

मंगळवार, नाकाडोंगरी.

परवा बाबांची तेरवी. फ्रेमसाठी फोटो हवा, आणि आहेत ते फक्त मी घराच्या छपरीतून काढलेले शेताचे. फोनच्या इवल्या सेन्सरने जवळचं धान आणि दूर धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालत येणारे बाबा, दोन्ही स्पष्ट टिपलेत. मोठ्या कॅमेऱ्यात पुढच्या पात्यावरचा थेंब लख्ख, बाबा धूसर. दोन्ही स्पष्ट हवं तर मोठ्या सेन्सरला लेन्सचं छिद्र बारीक ठेवावं लागतं, हे माहीत असून मी ते मोठंच ठेवलं? त्या थेंबाकडे बघवत नाही.

आईला दोन्ही दाखवले. तिने धूसर निवडला.

"काहून? चेहरा कुठं दिसते यात?"

"धुऱ्यावरून येताना चेहरा कधी दिसला? चालण्यावरूनच ओळखत होती मी. एवढं दिसलं का चाय मांडत होती."