जड ब्रेक

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज नाल्याच्या उतारावर गाडी थांबली नसती तर धुरपताबाई आणि बाकी सगळ्या बाया नाल्यात होत्या. मीपण.

वेचणी करून परत येत होतो. पिकअपच्या हौद्यात कापसाची गाठोडी, त्यावर बाया बसलेल्या, गाणं चाललेलं. वळणावर समोर म्हैस. ब्रेकवर पाय दिला तर दगडावर दिल्यासारखा. दाबते, दाबते, गाडी चाललीच आहे. शेवटी दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले, सीटवरून उठले, स्टेअरिंगला लटकले, तेव्हा कुठे पुलाच्या कठड्याला बंपर टेकून थांबली. गाणं बंद पडलं होतं. धुरपताबाई खाली उतरली, कठडा पाहिला, नाला पाहिला. म्हणाली, "मी येतो पायी."

घरी येऊन याडीला, म्हणजे सासूला, सांगितलं. बापू तिथेच बाजेवर बसलेले. पण सुनेने सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, म्हणून मी सासूला सांगायचं आणि त्यांनी भिंतीकडे पाहून सासूलाच उत्तर द्यायचं. लग्न झाल्यापासून हेच. भिंतीला म्हणाले, "सांग तिले. बाईच्या पायात जोर नसते. गाडीले काई नाही झालं."

गाडीले काही नाही झालं. मग धुरपताबाई काहून पायी आली?

घरात गोरबोलीत, आमच्या बंजारा बोलीत, गप्प राहावं लागतं. शाळा मराठीत शिकले, म्हणून राग मराठीत लिहून ठेवते.

१३ नोव्हेंबर

पुसदच्या साजिदभाईला फोन केला. माझ्या नवऱ्याच्या, ओमच्या ओळखीचा मेकॅनिक. तो म्हणाला, "वहिनी, गाडी बंद ठेवून ब्रेक दाबा, पुन्हा पुन्हा दाबा. मग पाय तसाच ठेवून चालू करा. पेडल जरा खाली गेलं पाहिजे."

चालू केली. पेडल जागचं हललं नाही. वरून फुस्स आवाज, पायापाशीच.

"बूस्टर गया," साजिदभाई म्हणाला.

बॉनेट उघडून मी तो बूस्टर पाहिला. ड्रायव्हरच्या बाजूला काळा गोल डबा, भाकरीच्या तव्याएवढा. त्यातली हवा ओढली जाते आणि पायाचा जोर वाढतो. आपला डबा मेलेला आहे. म्हणजे इतके दिवस गाडी नुसत्या पायाच्या जोरावर थांबत होती. बापू धिप्पाड आहेत, पाय घालतात खांबासारखा. मी काय घालू?

आणि वरून माझ्याच पायात जोर नाही!

१४ नोव्हेंबर

याडीकडून निरोप पाठवला. उत्तर आलं, "पाह्यलं जाईल."

१६ नोव्हेंबर, रविवार

किल्ली गायब. रोज देवाच्या फळीवर असते. याडी म्हणाली बापूंच्या कमरेला आहे.

हैदराबादला ओमला फोन लावला. तो तिकडे बांधकामावर क्रेन चालवतो, त्यामुळे इकडचं सगळं त्याला लांबून सोपं दिसतं. "बापूला समजावतो," म्हणाला. थोड्या वेळाने त्याचाच फोन. "ते म्हणतात, इतक्या वर्षांत मी एकदाही गाडी ठोकली नाही, आता ही कालची पोरगी मला ब्रेक शिकवते का. तू जरा शांततेनं घे ना."

मी शांततेनं घेऊ. क्रेनचा ब्रेक गेला तर हा शांततेनं घेईल का, विचारायला पाहिजे होतं. फोन ठेवल्यावर सुचलं.

सगळ्यात जास्त राग कशाचा, तर बापू मूर्ख नाहीत. तांड्यात कोणाचं इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखायचं तर बापूंना बोलावतात. त्यांना ब्रेक जड आहे हे माहीत नाही? शक्यच नाही. माहीत आहे आणि तरी नको म्हणतात. म्हणजे माझं ऐकायचं नाही, एवढंच.

१७ नोव्हेंबर

सकाळी बापू स्वतः गाडी काढून चौकात उभे. एकही बाई चढली नाही. धुरपताबाई पुढे आली आणि तोंडावर म्हणाली, "उत्तमसिंगभाऊ, ब्रेक केल्याबिगर आमी नाही बसत. लेकरं घरी हायेत आमचे." आणि सगळ्या पायी निघाल्या, कापूस टाकायच्या ओट्या कंबरेला बांधून.

बापूंनी गाडी अंगणात आणून लावली. किल्ली याडीच्या पुढ्यात टाकली. आदळलीच. 

माझं ऐकलं नाही ते नाहीच.

१८ नोव्हेंबर

पुसद. पहिल्या गिअरवर, दुसऱ्यावर, बैलगाडीसारखी नेली. प्रत्येक उताराआधी देवीचं नाव.

साजिदभाईने डबा काढला, फोडून दाखवला. आतला रबरी पडदा चिरलेला, आणि तळाशी काळं ब्रेक ऑइल साचलेलं. "ये तो कबका गया, वहिनी. वर्ष तरी झालं असेल." हवा ओढणारा पाइप बोटाने दाबला तर तुकडे पडले.

तसाच जुन्या मापाचा बसवता आला असता. पण तो म्हणाला, याच्या पुढच्या मॉडेलचा मोठा मिळतो, आत दोन पडदे असतात, भरल्या गाडीला तोच बरा. त्याच्याबरोबर ब्रेकचा मोठा सिलिंडर घ्यावा लागेल, हवा ओढणारा पंपपण बदलावा लागेल, पत्र्याला नवी भोकं पाडावी लागतील. मी म्हटलं, करा. ओमला विचारलं नाही. कोणालाच विचारलं नाही.

शेजारच्या टपरीवरचे लोक बघत बसले होते, बाई बॉनेटमध्ये काय बघते म्हणून. एकाने विचारलं, "मालक नाही आले का?" मी म्हटलं, आलेत ना, समोर उभे आहेत. तो चहा प्यायला लागला.

१९ नोव्हेंबर

आज साजिदभाईवर चिडले.

गाडी घेऊन निघाले, पेडल मऊ, खूश होते. महागाव रोडला लागल्यावर गाडी ओढेना. मग जळका वास. उतरून पाहिलं तर पुढच्या चाकातून धूर. हात जवळ नेता येईना. बाजूच्या शेतातून पाणी मागून ओतणार होते, तेवढ्यात त्याने फोनवर थांबवलं, म्हणाला तसंच थंड होऊ द्या, गरम लोखंड तडकेल. तास गेला असेल रस्त्यावर.

परत नेली. त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. डब्यातून सिलिंडरला ढकलणारा दांडा जरासा लांब राहिला होता. पाय काढला तरी ब्रेक पूर्ण सुटत नव्हता.

"साजिदभाई, माझ्या मागे बाया बसतात."

"गलती झाली, वहिनी."

आणखी बोलणार होते. पण तो तोपर्यंत खाली बसून नट खोलत होता, म्हणून गिळलं. दांडा नीट केल्यावर त्याने मला शेजारी बसवून स्वतः गाडी फिरवली, चाकांना हात लावून पाहिला, मग मला चालवायला लावली, पुन्हा हात लावून पाहिला. तेव्हा कुठे सोडली.

२० नोव्हेंबर

नाल्याच्या उतारावर भरली गाडी. नुसता पंजा टेकवला. थांबली!

धुरपताबाई मागून ओरडली, "झोपली का गाडी?" सगळ्या हसल्या.

२१ नोव्हेंबर

हसू एकच दिवस टिकलं. संध्याकाळी बापू गाडीत जाऊन बसले. अंगणातच पुढे घेतली, मागे घेतली. थांबवताना असा गचका बसला की मागे हौद्यात ठेवलेली बादली लवंडली. पुन्हा तसंच. उतरले, बॉनेटवर थाप मारली आणि भिंतीला नाही, आज आभाळाला म्हणाले, "सांग तिले. जुना डबा लावून आण म्हणा."

याडी म्हणाली, "फाटेल हाय ना थो?"

"फाटेल तं फाटेल. मले थोच पाह्यजे."

फाटलेलाच पाहिजे! एवढा अहंकार. सुनेने नीट केलेलं नको, त्यापेक्षा फाटलेलं चालेल. मी पोळ्या करत होते. तवा उचलून आपटावासा वाटला. आपटला नाही, पोळी जाळली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

याडीचा हात मोडला.

मी वेचणीला होते. बापूंनी याडीला बाजाराला नेलं. महागावच्या फाट्याजवळ समोर ऑटो वळला. बापूंनी ब्रेक असा हाणला की गाडी जागेवर रुतल्यासारखी थांबली आणि याडी समोर आदळली. मनगट मोडलं, भुवई फुटली. टाके पडले. ऑटोला काही झालं नाही.

घरी आले तर अंगणात माणसं. चुलतसासरे पूनमसिंग सगळ्यांच्या पुढे. "कोनं सांगतलं होतं तुले गाडीत हात घालाले? चांगली चालत होती. आता म्हातारीचा जीव गेला असता म्हंजे?" मी बापूंकडे पाहिलं. सरळ पाहिलं, पदर-बिदर नाही. ते दुसरीकडे बघत होते. त्यांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, सुनेनं ब्रेक बदलला म्हणून.

मी ओरडले. "नवा ब्रेक आहे, जपून दाबा, हे मी याडीकडून तीनदा सांगितलं." पूनमसिंगकाका म्हणाले, आवाज खाली. मी खाली केला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा बापूंच्या अंगणात माझा आवाज निघाला आणि तो असा निघाला.

ओम फोनवर काय म्हणाला? "जास्त पावरचा लावला का गं?"

२६ नोव्हेंबर

साजिदभाई मोटारसायकलवर तांड्यापर्यंत आला. न बोलावता. चाकं फिरवून पाहिली, चालवून पाहिली. ब्रेक बरोबर आहे. बापूंना समजावू लागला, "बाबा, आता उभं राहून दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं." बापू उठून शेताकडे निघून गेले. पाहुण्याला पाणी विचारलं नाही त्यांनी. बापूंनी!

उज्ज्वला राठोडचा या घरात काय उपयोग आहे ते मला समजेनासं झालं आहे. बायांना पोहोचवणारी मी. दवाखान्यात याडीसोबत बसणारी मी. आता तिची वेणी घालणारी, तिला घास भरवणारी मी. आणि हात मोडणारीपण मीच.

२८ नोव्हेंबर

याडीला अंघोळ घालत होते. प्लॅस्टरवर पिशवी बांधलेली. ती हळूच म्हणाली, "तुह्या ब्रेकचं काई नाही चुकलं वं."

मी तांब्या खाली ठेवला.

"गाडी हळू झालतीच. थांबतच होती. तरी थ्यायनं खाली वाकून पायाकडं पाह्यलं. मंग उभं राहून दाबला. काहून पाह्यलं, मले नाही समजलं."

मी म्हटलं, हे त्या दिवशी अंगणात काहून नाही सांगितलं? सगळे मला खात होते तेव्हा?  डोळ्यात साबण गेला म्हणाली.

तिच्यावरपण चिडले. मग डोकं पुसून दिलं.

३० नोव्हेंबर, रविवार

अंगण झाडताना रक्ताचे डाग दिसले, एकाआड एक, गोठ्यापासून बाजेपर्यंत. बापू बाजेवर बसून दोर वळत होते. उजव्या चपलेतून बाभळीचा काटा आरपार तळपायात गेलेला, बोटभर. चप्पल ओली झालेली. त्यांना पत्ता नव्हता.

मी खाली बसले, पाय हातात घेतला, काटा उपसला. पाय हलला नाही. काटा निघाला का हे ते माझ्या तोंडाकडे पाहून समजून घेत होते.

मी सरळ विचारलं, "बापू, दुखलं नाही?"

त्यांनी पहिल्यांदा मला उत्तर दिलं, मला. "पायाले काई नाही समजत, छोरी. शुगर हाय म्हणे, मी कोनाले बोललो नाही. जुना ब्रेक जड व्हता, थो अंगाले तरी समजे. नवा लागला का नाही, पायाकडं पाहा लागते."

"कधीपासून?"

दोर हातात तसाच. म्हणाले, "ह्याच गाडीत तुले नवरी करून आणलं. तवाबी नव्हतं समजत."