गाडी का थांबली आहे

पप्पा,

आपली शेवटची गाडी गेल्या आठवड्यात विकली. विरारच्या एका माणसाने घेतली, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांसाठी. माणूस बरा वाटला. टायर बघितले, इंजिन चालू करून ऐकलं, आणि मग दारावर रंगवलेलं आपलं आडनाव पुसून घेतलं तर चालेल का, असं संकोचत विचारलं. पुसा म्हटलं. मम्मी तेव्हा खिडकीत उभी होती. गाडी चर्चच्या वळणावर दिसेनाशी झाली तशी ती आत गेली आणि स्वयंपाकघरात भांडी घासत बसली. भांडी आधीच घासलेली होती.

तुम्ही सुरुवात केली ती पानांनी आणि फुलांनी. आजोबांच्या वाडीतली विड्याची पानं, शेजाऱ्यांचा मोगरा, सगळं ऊन चढायच्या आत दादरला न्यायचं. उशीर झाला की मोगऱ्याला कुणी विचारत नाही, हे तुम्ही लहानपणापासून बघितलेलं. म्हणून पुढे स्टेशनच्या पूर्वेला कारखान्यांचे गाळे उभे राहिले, तेव्हा तातडीचा माल म्हणजे काय हे तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. वापीला कुणाचं मशीन बंद पडलं, सुरतेला कुणाचं काम अडलं, की सुटा भाग घेऊन आपली गाडी निघायची. बाकीचे ट्रान्सपोर्टवाले गाडी भरेपर्यंत थांबत. आपली गाडी एका खोक्यासाठीसुद्धा निघायची. फरक तेवढाच होता, आणि त्या फरकावर आपलं घर चाललं, माझं शिक्षण झालं, चार ड्रायव्हरांचे संसार उभे राहिले.

वालीवचा आपल्या ऑफिसचा तो गाळा मला अजून दिसतो. कॉलेजला सुट्टी आहे, मी तुमच्या खुर्चीत बसले आहे आणि फोन मी उचलते. पंपांच्या कारखान्याचे मालक बोलत आहेत. वापीला माल दुपारच्या जेवणाआधी पोचेल का, असं विचारतात, आणि मी मोठ्या ऐटीत पोचेल म्हणून सांगते. तुम्ही चहाचा कप खाली ठेवता, माझ्या हातातून फोन घेता आणि त्यांना संध्याकाळची वेळ देता. मग माझ्याकडे वळता.

"गाडी तू चालवणार आहेस का?"

मी मान हलवून नाही म्हणते.

"मग जो चालवणार, त्याला विचारल्याशिवाय वेळ द्यायची नाही."

तेवढ्यावर तुमचं समाधान होत नाही. तुम्ही आपल्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरला, चांदीप गावच्या काकांना, आत बोलावता आणि मला त्यांना विचारायला लावता. काका बिचारे अवघडतात, मानेवरून हात फिरवतात. मनोरला चा घेईन, तोंडावर पानी मारीन, जरा पाठ टेकीन, मग सांजपर्यंत पोचतो, असं सांगतात. माझे कान लाल झालेले असतात. कारखान्याचे मालक मात्र संध्याकाळपर्यंत थांबले आणि पुढे तुम्ही असेपर्यंत आपल्याकडेच राहिले. नाताळला सगळं कुटुंब घेऊन घरी यायचे. तुमच्या शवपेटीला त्यांनीही खांदा दिला, हे तुम्हाला कुणी सांगितलं असणार नाही.

तुमच्यामागे धंदा मी घेतला तेव्हा सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग हळूहळू काहीतरी बदलायला लागलं आणि ते नेमकं काय हे कळायला मला वेळ लागला. काही कारखाने गुजरातेत गेले. ज्यांच्या गाळ्यांची गोदामं झाली त्यांना आपली गरज उरली नाही. चिंचोटीपासून पुढे हायवेवर गाड्या अशा तुंबायला लागल्या की कुठलीच वेळ छातीठोकपणे देता येईना. आणि नेमकी तेव्हाच ती मोठी कंपनी आली. तिच्या स्वतःच्या गाड्या फार थोड्या. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने मोबाइलवर नाव नोंदवायचं. माल आला की सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी दिसतो, आणि जो कमी भाड्यात, कमी वेळात नेईन म्हणतो त्याला मिळतो. आपण फोनची वाट बघत बसलो होतो, पप्पा, आणि लोकांनी फोन करणंच सोडून दिलं होतं.

पंपांचा कारखाना आता त्यांचा मुलगा बघतो. त्याने मला बोलावलं. माझ्यासाठी सरबत मागवलं, मम्मीची चौकशी केली. मग त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. वापीसाठी त्या कंपनीने जी वेळ दिली होती ती मी दोनदा वाचली. मी म्हटलं, यात ड्रायव्हरला कुठे थांबता येणार नाही. तो म्हणाला, "ताई, तुमच्या गाड्या चांगल्या, माणसं चांगली, मला माहीत आहे. पण माझा माल घेणाऱ्याला ते दिसत नाही. तो वेळ बघतो. हीच वेळ तुम्ही लिहून द्या, काम तुमचंच."

तो काही वाईट माणूस नाही. त्याच्याही मानगुटीवर कुणीतरी बसलेलं होतं. मी गाळ्यावर परत आले आणि काकांना विचारलं. मानेवरून हात फिरवत ते म्हणाले, "बाय, तू सांगशील तर जाईन." जमेल असं म्हणाले नाहीत. मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात नाही म्हणून कळवलं. तुम्हीही हेच केलं असतं, असं तेव्हा मनाशी म्हटलं आणि थोडा अभिमानही वाटला.

त्या नकारानंतर बाकीची कामंही सुटत गेली. ड्रायव्हर एकेक करून आले, हात जोडून गेले. काका शेवटी आले. घरची भेंडी आणली होती, ती मम्मीला दिली आणि उभ्या उभ्याच सांगितलं की त्या कंपनीत गाडी चालवायला लागतोय. मी विचारलं, तिकडची वेळ जमेल का? ते म्हणाले, "तिकडं कोन इचारतो, बाय? मोबाइल सांगतो तसं जायचं." ज्या वेळेला मी त्यांच्यासाठी नाही म्हटलं होतं, त्याच वेळेवर, त्याच पंपांचा माल घेऊन ते वापीला जायला लागले. माझ्या नकाराने फक्त एवढंच झालं की गाडीच्या दारावर आपलं नाव नव्हतं.

पुढचं सांगायला मला जड जातंय. पावसाळा संपता संपता मीसुद्धा त्याच कंपनीत लागले. हायवेलगत त्यांचं ऑफिस आहे, तिथे भिंतभर पडदा आणि त्यावर चालत्या गाड्यांचे ठिपके. गाडी ठरल्यापेक्षा जास्त वेळ उभी राहिली की ठिपका लाल होतो आणि ड्रायव्हरला फोन करून विचारायचं, गाडी का थांबली आहे? वाक्य ठरलेलं आहे. संभाषण रेकॉर्ड होतं. मला ह्या धंद्याची माहिती आहे म्हणून त्यांनी मला आनंदाने घेतलं.

परवा दुपारी मनोरजवळ एक ठिपका लाल झाला. नंबर बघण्याआधीच मला कळलं. शेजारची मुलगी दुसऱ्या फोनवर होती, साहेब मागे उभे होते. मी फोन लावला आणि ते वाक्य म्हटलं.

पलीकडून हायवेवरच्या गाड्यांचा आवाज येत होता. त्यांनी माझा आवाज ओळखला होता.

"पाठ टेकली होती, मॅडम," काका म्हणाले. "निघतो."

मॅडम म्हणाले, पप्पा. रागाने नव्हे. मला त्रास होऊ नये म्हणून. त्यांनाही माहीत होतं की कुणीतरी ऐकतं आहे. ठिपका पुन्हा हिरवा होऊन तलासरीकडे सरकायला लागला, आणि तो वापीला पोचेपर्यंत मी जागेवरून उठले नाही. काका पोचले. ह्या खेपेला पोचले.

उद्या ऑल सोल्स डे, गेलेल्यांच्या कबरींवर फुलं वाहायचा दिवस. मम्मीने शेवंतीची फुलं आणि मेणबत्त्या आणून ठेवल्यात. हे पत्र फुलांखाली ठेवावं असा विचार होता, पण कबरीवरची फुलं मम्मी स्वतः नीट करते, आणि तिच्या हाती हे लागायला नको. नोकरीचं तिला माहीत आहे. ती मला रोज डबा भरून देते आणि माझ्यासाठी वाईट वाटून घेते, पोरीचा धंदा गेला म्हणून. ह्या पत्रातलं तिला न कळावं असं एकच आहे. धंदा माझ्याकडे होता तोवर, रस्त्यावरची गाडी पोचल्याचं कळेपर्यंत माझा डोळा लागत नसे. गाडी विकली त्या रात्री मी अंथरुणाला पाठ लावली आणि सकाळपर्यंत मला गाढ झोप लागली. परवा, काकांशी बोलल्यानंतरसुद्धा लागली.