इटा नावाच्या मुली

दौंड,
४ जुलै १९७३

आदरणीय सिस्टर इटा यांना भिमाजी ओव्हाळचा सप्रेम जयभीम.

तुमचं निळं पाकीट पोस्टमननं शाळेतच आणून दिलं. तिकिटासाठी मुलांची भांडणं झाली. शेवटी मी ते कोणालाच दिलं नाही. तुमचं मराठी अजून शाबूत आहे. 'गुडघे माझं ऐकत नाहीत' हे वाक्य मी तुम्हाला शिकवलेलं नाही, पण पक्कं मराठी आहे.

इकडं सगळं ठीक. शाळा सुरू झाली. यंदा पेरण्या झाल्या. तुमचा दवाखाना तुम्ही गेल्यापासून बंदच आहे. व्हरांड्यात रेल्वे कॉलनीतली माणसं सायकली लावतात.

तुम्ही लिहिता की आयर्लंडमध्ये तुमचं नाव आता कोणी ठेवत नाही. लहानपणी एका वर्गात तीन इटा होत्या; आता वृद्धाश्रमात तुम्ही एकट्या, आणि तरुण नर्स तुमचं नाव दोनदा विचारते. म्हणून तुम्हाला जाणून घ्यायचं आहे की दौंडमध्ये तुमच्या नावाच्या ज्या मुली होत्या, त्या आता कुठं आहेत.

दोनच होत्या. एक गार्ड डॉयलसाहेबांची. तिचे पणजोबा तुमच्याच देशाचे, म्हणून ते नाव त्यांच्या घरी आधीपासून होतं. ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. मुलगी तिकडं टायपिस्ट आहे आणि स्वतःला रिटा म्हणवते, असं फलाटावरचा कॅन्टीनवाला सांगत होता. लोकांना ते सोपं जातं म्हणे.

दुसरी आपली. तो जन्म तुम्हाला आठवत असेल. पार्वतीच्या कळांचा दुसरा दिवस होता, सुईणीनं हात टेकले होते, आणि तुम्ही झगा वर खोचून सायकलवरून आमच्या वस्तीत आलात. त्याआधी औषधाची पेटी घेतलेलं कोणीही आमच्या उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. बारशाला पार्वतीनं मला न विचारता तुमचं नाव ठेवलं. माझ्या आईनं अर्थ विचारला. तुम्ही म्हणालात, आमच्या देशात फार पूर्वी एक 'देवाची बाई' होऊन गेली. साध्वी हा शब्द तोवर आपल्या धड्यात आला नव्हता; बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आईबापांनी त्या साध्वीचं नाव वेगळंच ठेवलं होतं, पण तिला देवाची इतकी तहान, की लोक तिला इटाच म्हणू लागले. इटा म्हणजे तहान.

आई म्हणाली, "तहान व्हय? ती तर आपल्या पाचवीलाच पुजलीया. ऱ्हाऊ द्या, घरचंच नाव हाय."

तेव्हा गावच्या विहिरीवर आमच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन, कोणीतरी वरून पाणी ओतील म्हणून दुपारपर्यंत बसून असायच्या.

पुढं आम्ही धम्म स्वीकारला. पुण्याहून आलेले एक कार्यकर्ते म्हणाले, गुरुजी, तहान म्हणजे तृष्णा, आणि तृष्णा हे दुःखाचं मूळ. मुलीचं नाव बदला. मी म्हणालो, आधी वस्तीत नळ येऊ द्या, मग बघू. नळ आला. नाव मी बदललं नाही. इकडं विटांना इटा म्हणतात, त्यामुळं शाळेत मुलं तिला चिडवायची, "इटा, इटा, किती भाजल्या?" ती म्हणायची, "तुझ्या घराला पुरून उरत्याल."

तुम्ही गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. शिरूर तालुक्यात निमोण्याला दिली. जावई जयसिंग साखर कारखान्यावर आहे. इटा निमोण्यातच आहे.

पार्वती घरात फारशी नसते. वस्तीत घरोघरी जाते. तिनं नमस्कार सांगितला आहे, असं मी लिहितो.

गुडघ्यांना तेल लावत जा.

आपला,
भिमाजी ओव्हाळ


दौंड,
२९ सप्टेंबर १९७३

सिस्टर इटा यांना जयभीम.

पार्सल मिळालं. टोपडं मिळालं. पिवळ्या लोकरीचं, कानांवर येणारं. लग्नाला वर्ष उलटलं, आता घरात बाळ असेल असा अंदाज तुम्ही केलात. कोणीही केला असता. तुम्ही लिहिलं आहे की रोज सकाळी तुम्ही माझ्या इटासाठी आणि तिच्या बाळासाठी प्रार्थना करता, गुडघे दुखले तरी जमिनीवर टेकून.

हे मी पार्वतीला वाचून दाखवलं. तिनं टोपडं उलटं करून आतली वीण पाहिली. मग म्हणाली, "त्या बाईला खरं लिवा. मेलेल्या पोरीच्या तब्येतीपायी गुडघं झिजवतीया."

म्हणून लिहितो. इटा चैत्रात गेली. बाळही तिच्या पोटातच गेलं. निमोण्याच्या ओढ्याकाठी तिला पुरलं आहे. मागच्या पत्रात मी लिहिलं ते खोटं नव्हतं, एवढंच.

हे लग्नापासून सांगावं लागेल.

लग्न आमच्या पद्धतीनं झालं. बुद्धाची मूर्ती, त्रिशरण, पंचशील. भटजी नाही, देवक नाही. हळदसुद्धा आम्ही वाद घालून बंद केली. पण सासरी पोचल्यावर विहीणबाईंनी ताटात तांदूळ पसरले आणि जयसिंगनं अंगठीनं त्यांत मुलीचं नवं नाव लिहिलं. ही चाल कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. नवरीचं नाव सासरी बदलतं, त्यात धर्म कुठं आला, असं सगळ्यांना वाटत होतं. मुलीकडचा म्हणून मी एकटाच त्या ताटाशी उभा होतो. ललिता असं लिहिलं होतं.

मी म्हणालो, तिला नाव आहे.

साखरबाई, म्हणजे विहीणबाई, वाईट बाई नाही. ती म्हणाली, "गुरुजी, किरिस्तावाचं नाव घिऊन सून गावात कशी फिरंल? उद्या तिची पोरं साळंत जात्याल. मास्तर म्हणंल, बौद्ध का किरिस्ताव? सवलत कोन दील? आन् आमच्या विहीणबाई तरी जन्माच्या पार्वती हायेत व्हय?"

नव्हती. माहेरी ती साळू होती. तिचं ताट मीच लिहिलं होतं.

घरी आल्यावर मी एक ठरवलं, की हे नाव आपल्या घरात कोणी उच्चारायचं नाही. पार्वतीला मी ते नवं नाव एकदाच सांगितलं. तिनं ऐकलं आणि टाकून दिलं. वर्षभर आमच्या घरात इटा आली, इटा गेली, इटाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करतात. वैशाख लागला की तिला आणायचं होतं. पार्वतीनं डिंक आणून ठेवला होता.

दुष्काळाचं तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. निमोण्यात काही पिकलं नाही. जयसिंग कारखान्यावर, साखरबाई अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्यापाशी. म्हणून इटा शेजारणींच्या टोळीबरोबर न्हावऱ्याच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. सातवा महिना होता. आम्हाला कळवू नका, असं तिनंच सांगितलं होतं. मी रागावेन म्हणून. आम्ही समजत होतो ती निमोण्यात घरात बसून आहे.

तिथं तिला रक्त जाऊ लागलं आणि ताप चढला. एक बाई निमोण्याला साखरबाईकडं पळाली. पण निमोण्यात ना डॉक्टर ना मोटार. म्हणून बाकीच्यांनी दौंडला निरोप धाडला. मिलोची, म्हणजे सरकारी तांबड्या ज्वारीची, पोती उतरवून एक लॉरी परत दौंड स्टेशनाकडं निघाली होती. लॉरीच्या हिसक्यांनी रक्त वाढेल म्हणून तिला तीत घालायला कोणी धजलं नाही. ड्रायव्हरला त्यांनी सांगितलं, बौद्धवस्तीत ललिताचं माहेर आहे, तिच्या आईला सांग. सुनेच्या बापाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. ते कोण विचारतं? आणि तापात तिला काही सांगता येत नव्हतं.

लॉरी आमच्या नळापाशीच थांबली. पार्वती रांगेत पहिली होती. पुढचं मला नळावरच्या बायकांनी सांगितलं, आणि तिनंही सांगितलं. दोन्हींत एका शब्दाचा फरक नाही.

"बाई, हितं ललिताचं म्हायार कुठलं?"

"कोण ललिता?"

"न्हावऱ्याच्या कामावरची. पोटुशी हाय. रगत थांबंना. गाडी घिऊन या म्हनलंय."

"बाप कोण तिचा?"

"त्ये न्हाई सांगितलं."

पार्वती म्हणाली, "आमच्यात ललिता कुनी न्हाई, बाबा. खालच्या आळीला इचार." तो वळला तेव्हा तिनं त्याला थांबवलं, आपली घागर वाकडी करून त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. तो पोटभर प्यायला. तो गेल्यावर ती बायकांना म्हणाली, "कुनाची पोर आसंल बिचारी. आईला पत्त्या न्हाई."

खालच्या आळीतही ललिता कोणी नव्हती. लॉरी निघून गेली.

मी शाळेतून आलो. जेवताना पार्वतीनं ही हकीकत मला सांगितली. ताटातलं नाव डोळ्यांनी वाचलेला मी. मला आठवलं नाही. मी भाकरी मोडत म्हणालो, "निरोप असा अर्धा धाडतात का? अडाणी लोक."

साखरबाई बैलगाडी घेऊन पोचली तेव्हा उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी जयसिंग आमच्या दारात आला. तो बोलायच्या आधीच पार्वतीनं त्याला विचारलं, "इटाचं नाव काय ठेवलं होतं रं तुमी?"

त्यानं सांगितलं. ती रडली नाही. मी वाट पाहिली.

मी तिला काही बोललो नाही, तीही मला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. आम्ही मुलीचं नाव जपत होतो, सिस्टर. जपलं नसतं, साखरबाईसारखं मुकाट्यानं ललिता, ललिता म्हणत राहिलो असतो, तर त्या दुपारी मोटार निघाली असती. मी हे फिरवून फिरवून पाहतो. दुसरं काही निघत नाही.

आता ती घरोघरी का जाते, ते. ती एकच विचारते, "तुमच्या पोरीचं सासरचं नाव काय?" उत्तर मिळालं की तिथंच उभी राहून घोकते. तिला लिहिता येत नाही. कोंडिबाच्या घरी तर भांडण लागलं. बाप एक नाव सांगतो, आई दुसरं, आणि मुलगी लग्न होऊन कधीची गेलेली. पार्वती म्हणाली, "आधी ठरवा. मी सांजच्याला येती." आणि गेली.

सुरुवातीला लोक सांगायचे. आता ती दिसली की मुलींच्या आया दार ओढून घेतात. परवा शेजारच्या मुक्ताबाईनं तिला वाटेत धरलं. "पार्वते, बास कर आता. तुझी काय माघारी यायची न्हाई."

"माझी नगंच यिऊ," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाचा निरोप यील का न्हाई?"

नळावर कोणी परका माणूस थांबला की ती घागर तशीच टाकून त्याच्याबरोबर चालू लागते. तो फक्त स्टेशनचा रस्ता विचारत असला तरी. मी एकदा तिला परत आणायला गेलो. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मला वाटेतून बाजूला केलं.

तुम्ही विचारलं होतं, त्याचं उत्तर देतो. दौंडमध्ये तुमच्या नावाचं आता कोणी नाही. तुमच्या नावाचा काही दोष नाही. पार्वतीही तसं म्हणत नाही.

प्रार्थना थांबवा असं मी म्हणणार नाही. आमच्यात वर कोणी ऐकणारा नसतो. तुमच्यात असतो, तर तुम्ही करा. पण इटा म्हणू नका. शेवटी उशाशी बसलेल्या त्या बायका तिला ललिता म्हणत होत्या आणि ती ओ देत होती, असं त्यांनी सांगितलं. ती त्यांची ललिता होऊन गेली. आम्हाला ते माहीत नव्हतं.

पार्वती समोर बसली आहे. तिला अक्षर येत नाही. ते नाव कागदावर कुठं आहे ते बोटानं दाखवा म्हणते. मी दाखवलं. म्हणाली, "अजून एकदा लिवा. खाली, तुमच्या नावापाशी."

ललिताचा बाप,
भिमाजी